बारापासून सुरू होणारे बारा

प्रवासाला गेल्यावर तिथला नाच शिकवणारा दीड तासाचा क्लास करावा का, यावर आमच्या महापेच्या ऑफिसात दोन तट आहेत. पहिला तट म्हणतो, दीड तासात काय डोंबल येणार? तेवढ्या पैशांत एक चांगलं जेवण होतं. दुसऱ्या तटाला फोटो हवे असतात. मी तिसराच. माझं म्हणणं असं की क्लास जरूर करावा, पण नाच यावा म्हणून नाही. रात्री तोच नाच बघताना आपण नेमकं काय बघतोय ते कळावं म्हणून. (याचा एक साइड इफेक्टही आहे, तो पुढे येईल. खरं तर हा लेख त्यासाठीच आहे.)

तर मंडळी, 2011 साली 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला आणि स्पेनची ट्रिप हे आपल्या आयटीवाल्यांचं एक ठरलेलं स्वप्न झालं. त्यातलं 'सेन्योरिता' हे गाणं अंदालुसियातल्या आलाखार नावाच्या छोट्याशा गावात चित्रित झालंय. मी गेलो त्याच अंदालुसियाच्या राजधानीत, सेव्हिलला. शहराच्या मधून ग्वादालकिवीर नदी वाहते, आणि पूल ओलांडला की पलीकडे त्रियाना. फ्लॅमेंकोच्या इतिहासात या मोहल्ल्याचं नाव आल्याशिवाय राहत नाही. तिथे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर 'बिगिनर' क्लास होता. आम्ही सात जण. दोन जपानी मुली सोडल्या तर कुणाकडेच नाचाचे बूट नव्हते. त्या बुटांना चवड्याखाली आणि टाचेखाली बारीक खिळे ठोकलेले असतात, आवाज त्यांचा. माझे आपले ऑफिसचे फॉर्मल शूज.

आता मला वाटत होतं, सुरुवात पायांपासून होईल. छे! पहिली चाळीस मिनिटं नुसत्या टाळ्या. टाळी हा तिथे स्वतंत्र विषय आहे, 'पाल्मास' म्हणतात त्याला. तळवे खोलगट करून वाजवलेली दबकी टाळी वेगळी, आणि एका हाताची बोटं दुसऱ्या तळव्यावर आपटून काढलेली कडक टाळी वेगळी. गाणारा गात असताना दबकी. कारण फ्लॅमेंकोत मान गाण्याचा पहिला, मग गिटार आणि नाच. आपण पोस्टरवर लाल झगेवाली बाई बघतो आणि समजतो की सगळं तिच्याभोवती फिरतंय.

बाईंनी फळ्यावर बारा आकडे घड्याळासारखे गोलात लिहिले. आणि म्हणाल्या, बारापासून सुरू करा. एकपासून नव्हे, बारापासून! 'दोसे, उन, दोस, त्रेस...' (भूक लागलेल्या माणसाला सकाळी अकरा वाजता 'दोसे' ऐकू आल्यावर काय वाटतं ते सांगत नाही.) बाकीचे बिचारे गोंधळले, पण ज्याची अर्धी हयात शून्यापासून इंडेक्स मोजण्यात गेली त्याला यात काय नवल? बारा मॉड्युलो बारा म्हणजे शून्य. झालं की!

हा बुलेरिया नावाचा प्रकार. जोराचे ठोके 12, 3, 6, 8 आणि 10 वर. म्हणजे अंतरं बघितलीत तर तीन-तीन-दोन-दोन-दोन. अर्धं चक्र झोके घेत जातं आणि उरलेलं अर्धं धावत. कागदावर सोपं आहे. हातांना सांगायला गेलं की सहावरून आठवर जाताना तीनची सवय लागलेला हात नऊची वाट बघत बसतो.

मला मोह झाला एकतालाचा. धाकटी बहीण वाशीत कथक शिकायची, तिच्या रियाजामुळे घरात एकताल इतका ऐकलाय की झोपेतही टाळी देईन. तोही बारा मात्रांचा. टाळी 1, 5, 9, 11 वर, खाली 3 आणि 7 वर, आणि सगळा जीव समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. तिहाई कुठूनही निघो, शेवटचा 'धा' समेवरच पडायला हवा. बुलेरियात मात्र वाक्य संपतं दहावर. अकरा मोकळा, आणि बारावर नवा डाव. आपल्या कानाला वाटतं, अरे, यांनी दार यायच्या आधीच चपला काढल्या! बारा तेच, पण घर वेगळ्या ठिकाणी. पायांचंही तसंच. कथकमध्ये पाय अनवाणी, गुडघे सरळ, घोट्यावर शंभर-दीडशे घुंगरांचं ओझं. इथे गुडघे वाकलेले, घुंगरू नाही, सगळा आवाज खिळ्याचा आणि फळीचा. वीस मिनिटांत माझ्या मांड्या भरून आल्या.

त्या रात्री एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम बघितला. एका क्षणी नाचणारीने पायांचा एक खणखणीत तुकडा वाजवला आणि गिटारवाल्याने मान वर करून तिच्या पायांकडे बघितलं. सकाळी शिकलो नसतो तर तो तुकडा मला 'वा, काय जोरात नाचते' एवढाच कळला असता. ती 'यामादा' होती, म्हणजे हाक. आता मी बदलतेय, सांभाळा, असा गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला निरोप. आणि ती बरोब्बर दहावर थांबली. माझे हातही, मांडीवर, दहावर. पहिल्या तटाला माझं उत्तर एवढंच आहे.

असो. आता साइड इफेक्ट.

परत आल्यावर ज्याला ज्याला हे सांगितलं त्यातल्या निम्म्यांनी एकच वाक्य ऐकवलं, "अरे, फ्लॅमेंको म्हणजे आपलंच! आपल्याकडूनच गेलंय ते." व्हॉट्सअ‍ॅपवर कथक आणि फ्लॅमेंकोच्या जुगलबंदीचा व्हिडिओ फिरतो, त्याखालीही हेच. यातला खरा भाग मोठा आहे. रोमा लोक (स्पेनमध्ये त्यांना खितानो म्हणतात) मूळचे वायव्य भारतातले, हे त्यांच्या भाषेनेच सिद्ध केलंय. रोमानीत येक, दुइ, त्रिन, श्तार, पांज असं मोजतात, त्याला भाषाशास्त्रज्ञाची गरज काय? स्पेनमध्ये ते पोचल्याची पहिली नोंद 1425 सालची, आरागोनच्या राजाने दिलेल्या परवान्याची. पण लोक इथून गेले म्हणून नाचही इथून पॅक होऊन गेला, ही उडी फार लांब आहे. फ्लॅमेंको आज आपण ओळखतो त्या रूपात घडला तो कादिझ, खेरेझ आणि सेव्हिलच्या पट्ट्यात, साधारण अठराव्या शतकाच्या शेवटापासून पुढे. सिल्वेरियो फ्रांकोनेत्तीने सेव्हिलमध्ये आपला गाण्याचा कॅफे काढला 1881 साली. आणि आपलं कथक? तेही आजच्या रूपाला आलं ते मुख्यतः याच काळात, लखनौ आणि जयपूरच्या दरबारांत. वाजिद अली शाह गादीवर होता 1847 ते 1856. म्हणजे दोन्ही नाच जवळपास एकाच वयाचे. एक दुसऱ्याचा बाप कसा असेल?

आणि मध्ये जे घडलं त्याचं काय? 1749 च्या जुलैमध्ये स्पेनच्या सरकारने एका ठरलेल्या दिवशी देशभरातल्या खितानोंना पकडायला सुरुवात केली. हजारो लोक. पुरुष गोद्यांवर आणि खाणींत कामाला, बायका-मुलं वेगळी कोंडलेली. पुष्कळ जण वर्षानुवर्षं सुटले नाहीत. त्यांच्या गाण्यातला तो कातर स्वर आपल्याकडून नेलेला नाही, तिथे कमावलेला आहे. 'आपलंच' म्हणताना आपण हे सगळं फुकटात खिशात घालतो.

बरं, त्रियानाचं पुढे काय झालं तेही ऐका. तिथे खितानो घराणी राहायची ती मधल्या अंगणाभोवतीच्या चाळींसारख्या वाड्यांत. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांत त्यांना तिथून हलवलं गेलं, शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत. नदीकाठची जागा मोक्याची होती, आणखी काय. जुन्या त्रियानाच्या म्हाताऱ्या मंडळींना 1983 साली एका रात्रीपुरतं सेव्हिलच्या रंगमंचावर एकत्र आणलं होतं. त्या रात्रीचं चित्रण रिकार्दो पाचोनच्या 'त्रियाना पुरा इ पुरा' या माहितीपटात आहे. पोटं सुटलेल्या आजोबा-आजी काय नाचतात! बघाच. 2010 मध्ये फ्लॅमेंको युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. आज त्रियानात क्लास आहेत, मोहल्ल्याचं नाव पोस्टरवर आहे, आणि ज्यांनी ते नाव मोठं केलं त्यांतली बरीचशी घराणी शहराच्या दुसऱ्या टोकाला.

हे वाचताना मला राहून राहून आपली नवी मुंबई दिसत होती.

आपण ज्याला सेक्टर म्हणतो ती कुणाची तरी भातशेती होती, मिठागर होतं, खाडीतली मासेमारीची जागा होती. सिडको स्थापन झाली 17 मार्च 1970 ला, आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन या शहरासाठी ठरली. गावं मुख्यतः आगरी आणि कोळी. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आपल्यातल्या किती जणांचा फ्लॅट 'साडेबारा टक्के'च्या प्लॉटवर आहे! ब्रोकर तो शब्द वापरतो, आपण तो लोनच्या व्याजदरासारखा ऐकतो.

त्रियानासारखी ही माणसं मात्र गेली नाहीत. ती इथेच आहेत, आपल्या सेक्टरच्या मधोमध गावठाणात. आणि त्यांचा नाच आपल्यापर्यंत कसा पोचतो? आवाज म्हणून. लग्नसराईत गावात हळद असली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री साडेनऊपासून मेसेज सुरू होतात. 'कुणीतरी 112 ला फोन करा.' 'हे दरवर्षीचंच आहे.' एकाने तर इंग्रजीत 'देज पीपल' असंही लिहिलं. हाच गृहस्थ मला सेव्हिलच्या क्लासची लिंक मागत होता.

आता उगाच भाबडेपणा नको. रात्री बारानंतर भिंती हादरवणारा डीजे हा कुठल्याच परंपरेचा भाग नाही, आणि दहाचा नियम सगळ्यांना सारखाच असायला हवा. दहावीचं पोर घरात असेल तर फोन जरूर करा. पण साडेनऊला वाजणारा बेंजो आणि ढोलकी याला आपण 'न्यूसन्स' म्हणतो, आणि त्याच गुणाच्या गोष्टीला परदेशात तिकीट काढून 'ऑथेंटिक' म्हणतो, याचा हिशोब मला लागत नाही. हजार वर्षांपूर्वी गेलेल्यांचं नातं आपल्याला पटकन सापडतं, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्यांचं का नाही? आगरी लग्नात धवलारीण असते. लग्नाचे विधी गाण्यांतून चालवणारी बाई, तोंडपाठ, पिढ्यान्‌पिढ्यांचं. किती जणांनी हा शब्द ऐकलाय? मी तो घणसोली गावातल्या एका सहकाऱ्याकडून ऐकला, तोही क्लासचा विषय निघाला म्हणून. बुलेरियाचं कौतुक ऐकून घेतलं त्याने आणि म्हणाला, "पंचवीस युरो? अरे, आमच्या हळदीला ये. जेवण पण मिळेल."

गेलो. मांडवात साडेसात वाजता आत्याबाईंसारख्या चार-पाच जणी हातात हात घालून पुढे-मागे हलत होत्या, वल्हं मारल्यासारखं. मला बघून त्यातल्या एकीने "ये बाला, उभा काय ऱ्हातस?" असं म्हणून ओढलंच. फळा नाही, आकडे नाहीत, बिगिनर नाही. बघ आणि हल.

पुष्कळशा कोळीगीतांचा ठेका सहाचा असतो, तीन-तीन असा झोके घेणारा. आता आठवा ते बुलेरियाचं चक्र. पहिली सहा तीन-तीन. मी घरी आल्यावर गॅलरीत उभं राहून, खाली वाजणाऱ्या बेंजोवर, दबक्या टाळीने बारापासून मोजून बघितलं. पहिला अर्धा भाग अगदी चपखल बसतो. सहानंतर ते दोन-दोन-दोन सुरू झालं की दोन्ही एकमेकांना ओढायला लागतात, आणि पुन्हा बारावर भेटतात. दहा-बारा चक्रं जमली. मग बायको म्हणाली, शेजारचे झोपलेत.