ऊन आहे, उपकेंद्राचे काय?

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि तोवर वेगळे चालणारे दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाशी एकजीव झाले. पुढच्या वर्षी १६ ऑगस्टला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सोलापुरात येऊन ती राष्ट्राला अर्पण केली. ‘एक देश, एक ग्रिड’ ही घोषणा नंतर भाषणांतून गुळगुळीत झाली, पण ती प्रत्यक्षात आली ती सोलापूरच्या माळावर. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळ्या जाळ्याची वारंवारता एकच आहे. मागणी वाढली की ती खाली येते, पुरवठा जास्त झाला की वर जाते. तिला ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात राखण्यासाठी भारप्रेषण केंद्रांत रात्रंदिवस माणसे बसलेली असतात.

देशाच्या जाळ्यात एवढे मानाचे स्थान मिळवलेल्या या जिल्ह्यात अकरा केव्हीच्या फीडरवर मात्र भर दुपारी लाइट जाते. सौर ऊर्जेच्या सध्याच्या धडाक्यात नेमकी हीच गोष्ट कोणी मोजत नाही. किती मेगावॉट बसवले, किती करार झाले, याचे आकडे पत्रकार परिषदेत मिळतात. ती वीज ज्या उपकेंद्रात शिरणार, ते ती पेलू शकते का, हे कोणी सांगत नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही एप्रिल २०२३ची योजना मुळात चांगली आहे आणि आमचा तिला पाठिंबा आहे. उपकेंद्राजवळच्या पडीक जमिनीवर छोटा सौर प्रकल्प उभारायचा, जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे द्यायचे आणि तिथली वीज थेट शेतीच्या फीडरला सोडायची. ही वीज युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास पडते. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने दरापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे थ्री फेज दिवसा मिळणे. रात्रपाळीच्या विजेने या जिल्ह्याला काय दिले, हे करमाळ्याला विचारा. डिसेंबर २०२० मध्ये नरभक्षक बिबट्या गोळीला बळी पडेपर्यंत त्या तालुक्यात अंधार पडल्यावर दारे धरायला जायचे कोणाचे धाडस नव्हते. साप, चिखल आणि उघडे स्टार्टर तर नेहमीचेच. विजेची वेळ रात्रीवरून दिवसावर आली तर संध्याकाळनंतरच्या मागणीचा भारही उतरतो.

अडते ते पुढे. बहुतेक पंपांना ऑटोस्विच लावलेले असते. वीज आली की शिवारातले सगळे पंप एकदम उठतात, डीपीवर ताण येतो, फ्यूज उडतो आणि कधी रोहित्रच जळते. रात्री हे होत होते, आता दिवसा होईल. फरक इतकाच, की फीडर पडला की त्याला जोडलेला सौर प्रकल्पही त्याच क्षणी बंद होतो. त्या तासात डोक्यावर कितीही ऊन असो, तयार होऊ शकली असती ती वीज गेली ती गेलीच. पॅनेलवर कोट्यवधी खर्चायचे आणि कपॅसिटर, तारा, रोहित्र, वायरमनची रिकामी पदे यांकडे काणाडोळा करायचा, हा हिशेब कोणत्या शहाण्याचा?

शहरात वेगळी तऱ्हा. ‘पीएम सूर्यघर’मधून तीन किलोवॉटला ७८ हजारांचे अनुदान मिळते म्हणून छतावर पॅनेल बसवणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो मेमधल्या दुपारी. पारा ४३-४४वर, छतावर पॅनेल तापलेले, आणि लाइट गेली म्हणून घरातला पंखा बंद! इन्व्हर्टर बिघडलेला नसतो. ग्रिडची वीज गेली की त्याने स्वतःहून थांबायचे असा नियमच आहे, नाहीतर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. उलट प्रकारही होतो. एकाच रोहित्रावर बरीच छते असली आणि दुपारी घरांत वापर नसला, तर गल्लीतला विजेचा दाब वाढतो आणि इन्व्हर्टर बाजूला होतात. दाबाचा प्रश्न किरकोळ समजू नये. २८ एप्रिल २०२५ रोजी ऐन दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, ते अनियंत्रित वाढलेल्या दाबामुळेच. दोष सूर्याला देऊन काही जण मोकळे झाले. दाब आवरणारी व्यवस्था तोकडी पडली, हे चौकशीत पुढे आले.

आणि संध्याकाळ? सात वाजता पॅनेल शून्यावर येतात आणि घराघरांतले दिवे, कूलर, टीव्ही सुरू होतात. त्या वेळी फताटेवाडीचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्प आठवतो. दुपारी उन्हाला वाट करून द्यायची म्हणून असे औष्णिक संच ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणायचे आणि तिन्हीसांजेला पुन्हा वर चढवायचे, ही कसरत बॉयलरला सोसत नाही आणि ग्राहकालाही स्वस्त पडत नाही. संच पूर्ण चालो न चालो, त्याचा स्थिर आकार भरावाच लागतो.

म्हणून साठवण हवी. उजनीच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचा संच आहे. उलटा फिरवून पाणी पुन्हा वर चढवता येईल अशी त्याची रचना. म्हणजे ही कल्पना जिल्ह्याला नवी नाही. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो आणि सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प येऊ घातले आहेत. पण डोंगर पोखरायला वर्षे लागतात. नव्या सौर निविदांत क्षमतेच्या किमान १० टक्के, दोन तासांची साठवण असावी, अशी सूचना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केली आहे. सोलापूरसाठी ही साठवण बॅटऱ्यांच्या रूपात उपकेंद्रातच बसवावी. दाबही सावरेल, संध्याकाळही निभेल.

साखर कारखान्यांना या चित्रात कोणी धरत नाही, याचे आश्चर्य वाटते. बगॅसवरची सहवीज गाळप हंगामात रात्रीही मिळते, ढगांना भीत नाही. सिद्धेश्वर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी विमानतळासाठी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. त्या वादात विमान, राजकारण, सभासद सगळे आले, वीज फारशी आली नाही. कारखान्यांच्या संध्याकाळच्या युनिटला दुपारच्या युनिटहून चढा दर द्या, मग बघा किती कारखाने बगॅस राखून ठेवतात. घरगुती ग्राहकाला स्मार्ट मीटरवर सकाळी ९ ते ५ वापरात सवलत देता येते, तर पुरवठादाराला वेळेचा दर का नको? अक्कलकोट रोडवरचे यंत्रमाग आणि पालिकेचे पाणी उपसणारे पंप दुपारकडे वळवण्याचा विचारही याच सूत्राने व्हावा.

एक धोका सांगून ठेवतो. दिवसाची फुकट वीज सांगोला, मंगळवेढ्याच्या विंधन विहिरींना तळ दाखवू शकते. त्यावर भूजल खात्याने आत्ताच बोलावे, नंतर नको.

महावितरणकडे आमची मागणी साधी आहे. सौर प्रकल्पांच्या पुढच्या मंजुऱ्या देण्याआधी जिल्ह्यातल्या प्रत्येक उपकेंद्राची क्षमता किती, त्यात शिल्लक किती आणि गेल्या वर्षभरात तिथले फीडर सकाळी ९ ते ५ या वेळात किती तास बंद होते, हे जाहीर करावे. त्यासाठी नवी समिती नेमायला नको. उपकेंद्रातला ऑपरेटर तासातासाला या नोंदी लॉगशीटवर करतोच आहे.