गोपनीयही आणि अनुपलब्धही : जिल्हा शल्यचिकित्सकांस खुले पत्र

मा. जिल्हा शल्यचिकित्सक यांस,



माहिती अधिकाराखालील अपिलावर आपल्या सहीचे उत्तर पावले. मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, असा आपला शेरा आहे. त्यापूर्वी आपल्याच कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांनी तीच माहिती त्रयस्थ इसमांच्या खाजगी जीवनाशी निगडित असल्यामुळे देता येत नाही, असे कळविले होते. ही दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवून वाचली असता, जी वस्तू मुळात अस्तित्वातच नाही तिची गुप्तता आपले कार्यालय इतका काळ कोणत्या दप्तरात आणि कोणत्या कुलपाआड राखीत होते, हा प्रश्न माझ्यासारख्या भाषाशिक्षकास पडतो. आणि तो रीतसर मार्गांनी विचारून झाला असल्यामुळे आता जाहीरपणे विचारीत आहे.

प्रथम वर्षाच्या लेखनप्रकल्पासाठी माझ्या विद्यार्थिनीने मल्टिपल स्क्लेरोसिस हा विषय निवडला, यात तिचा काही कसूर असेल तर तो एवढाच की ग्रंथांतून मिळाले तेवढ्यावर तिचे समाधान झाले नाही. शरीराची रक्षणव्यवस्थाच मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिमज्जा यांतील तंतूंवरचे मायलिनचे आवरण शत्रू समजून नष्ट करू लागते. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने अधिक, ही व्याधी प्रकट होते. कधी एका डोळ्याची दृष्टी मंदावते, कधी पाय जड होतात, पुन्हा सारे ओसरते आणि पुन्हा उलटते : हे सर्व तिने धीराने समजून घेतले आणि आपल्या मराठीत लिहिले. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ साली या विकाराचे जे शास्त्रीय वर्णन केले तेही तिने वाचले. परंतु तिचे मन अधिक रमले ते ऑगस्टस देस्ते या, इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाच्या नातवाच्या रोजनिशीत. १८२२ साली दृष्टी अंधूक झाल्यापासून पुढे वीसहून अधिक वर्षे या गृहस्थाने आपल्या देहाची प्रत्येक कुरबुर लिहून ठेवली. आपल्याला झाले आहे काय हे त्यास कधीच कळले नाही, कारण शार्को यांचे वर्णन प्रसिद्ध होण्याच्या वीस वर्षे अगोदर तो मरण पावला होता. तरीही १९४८ साली ती रोजनिशी छापली गेली तेव्हा ती वाचून रोगनिदान करता आले. निनावी रोगाची एका खाजगी इसमाने ठेवलेली ही नोंद, आणि कायद्याने नाव दिलेल्या रोगाची एका शासकीय रुग्णालयाने न ठेवलेली नोंद, या दोहोंची तुलना मी मुद्दाम करीत नाही. ती आपोआप होते.

तिने विचारले होते ते काय? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकार मान्य केले, आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या विकारांखाली मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी उल्लेख केला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला; दिव्यांगत्व कसे मोजावे याची मार्गदर्शक तत्त्वे ४ जानेवारी २०१८ च्या राजपत्रात प्रसिद्ध झाली. तेव्हापासून आपल्या वैद्यकीय मंडळाने या सदराखाली प्रतिवर्षी किती दाखले दिले, त्यांत स्त्रिया किती व पुरुष किती : बस. नाव नको, गाव नको, तालुकासुद्धा नको. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. तिचा अर्ज त्याच्या निम्म्यातही मावला होता. दहा रुपयांचा मुद्रांक त्यावर होता. त्यावर आपल्या कार्यालयाने प्रथम काय केले, तर माहिती कशासाठी हवी याचा लेखी खुलासा मागविला, वास्तविक अर्जदारास कारण विचारू नये असे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ मध्ये लिहिलेले आहे. खिडकीपाशी बसलेल्या कारकुनाने तर त्या मुलीला, 'तुला झालाय का हा आजार?' असे सर्वांदेखत विचारले. खाजगी जीवनाच्या जपणुकीचे कलम त्या वेळी बहुधा जेवणाच्या सुट्टीवर असावे.

तीस दिवसांची मुदत उलटल्यावर नकार आला, अपील झाले, अपिलाचीही मुदत उलटल्यावर आपले उत्तर आले. नसलेली माहिती तयार करून देण्याचे बंधन नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ सालच्या निवाड्याचा त्यात आधार घेतलेला आहे. निवाडा खरा आहे. परंतु १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचा प्रत्येक दाखला केंद्र शासनाच्या संगणकप्रणालीतूनच देणे सक्तीचे झाले, आणि त्यातील प्रत्येक दाखल्यावर दिव्यांगत्वाचा प्रकार नमूद असतो, ही गोष्ट आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, कारण त्या दाखल्यांवर सह्या आपल्या मंडळाच्या असतात, माझ्या नव्हेत. असलेल्या नोंदी मोजणे यास माहिती निर्माण करणे म्हणावयाचे असेल, तर आपल्या रोखपालाने संध्याकाळी गल्ला मोजणे हेही नवे चलन पाडल्यासारखे होईल.

एका विद्यार्थिनीचा प्रकल्प अडला म्हणून एवढे रामायण कशाला, असे आपणांस वाटत असेल. तर ऐकावे. जगात या व्याधीचे सुमारे २८ लाख रुग्ण असल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात पूर्वी लाखामागे जेमतेम एक असे धरून चालत. मंगळुरात पद्धतशीर पाहणी झाली तेव्हा लाखामागे सुमारे आठ आढळले. मुंबईच्या पारशी समाजात हा विकार विशेष आढळतो हे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली मांडले, तेही मोजल्यावरच. मंगळूरचे प्रमाण येथे लागू केले तर पंचवीस लाखांच्या आपल्या जिल्ह्यात दोनशे माणसे निघतील. लागू होत नसेल तर किती कमी अथवा अधिक, हे सांगण्याचे साधन आपल्याजवळ आहे आणि आपण ते वापरीत नाही. २०११ च्या खानेसुमारीत २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, पण ज्या आठ प्रकारांत ते मोजले त्यांत या व्याधीस स्वतंत्र रकाना नव्हता. २०२१ ची खानेसुमारी तर त्या साली झालीच नाही. तेव्हा आपल्या दाखल्यांखेरीज या माणसांचा सरकारदरबारी मागमूस दुसरा कोठे असणार?

आणि जेथे मोजदाद होते तेथे काय हाती लागते तेही पाहावे. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक तरुणांच्या रक्तनमुन्यांच्या वीस वर्षांच्या नोंदी शाबूत होत्या. त्यांतील ९५५ जणांना हा विकार जडला, आणि एपस्टाइन-बार विषाणूची बाधा झाल्यानंतर त्याचा धोका ३२ पटींनी वाढतो, हे २०२२ साली सिद्ध करता आले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत या रोगावरची तीन औषधे प्रथमच घातली. ती आपल्या भांडारात का नाहीत असे विचारले तर मागणी नाही म्हणून, असे उत्तर मिळते. मागणी का नाही, तर रुग्णांचा आकडा नाही म्हणून. आणि आकडा मागावा तर तो गोपनीय. गोपनीय नसला तर अनुपलब्ध.

जाता जाता एक. आपली दिव्यांग तपासणी शिबिरे भर मे महिन्यात पत्र्याच्या मांडवात भरतात. उष्णतेने या रुग्णांची दृष्टी व शक्ती तात्पुरती आणखी ढासळते; श्रमानंतर दृष्टी अशी मंदावते हे नेत्रवैद्य उथॉफ यांनी १८९० सालीच नोंदविले. ही बातमी जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचावयास सव्वाशेहून अधिक वर्षे अपुरी पडली असतील, तर पुढील शिबिर निदान पहाटे ठेवण्याची तजवीज व्हावी.

प्रकल्प दाखल झाला आहे. त्यातील आपल्या जिल्ह्याचा तक्ता कोरा असून त्याखाली आपली दोन्ही उत्तरे जोडलेली आहेत. परीक्षक या नात्याने मी त्यास पूर्ण गुण दिले. कलम १९ खालील दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे रवाना केले असून त्याची प्रत सोबत आहे. सबब, सुनावणीची तारीख लागण्यापूर्वी २०१८ पासूनचे वर्षवार आकडे आपल्या कार्यालयाच्या सूचनाफलकावर लावावेत, आणि आपल्या दोन उत्तरांपैकी खोटे कोणते ते लेखी कळवावे. या पत्राची पोच आवक क्रमांकासह मिळावी. ती विद्यार्थिनीच्या नावे पाठवावी. आणि या खेपेस तिच्या नावामागे 'श्री.' लिहू नये.

आपला,
एक मराठीचा शिक्षक