साप्पोरोची कर्जफेड

परधर्माचा उपदेशक गावात आला म्हणजे घरातील वडील मंडळींच्या मनात प्रथम मुलांची काळजी उभी राहते. सिद्धांतांचा विचार मागाहून येतो. ही काळजी आपल्याकडे जितकी परिचित आहे तितकीच ती एके काळी जपानातील कुलीन घराण्यांतही होती. तेथे तिचा शेवट कसा झाला याची एक लहानशी हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

जपानात ख्रिस्ती धर्मास अडीचशे वर्षांहून अधिक काळ बंदी होती. त्या बंदीचे फलक सरकारने 1873च्या फेब्रुवारीत उतरविले, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात अमेरिका व कॅनडा या दोन्ही देशांतील मेथॉडिस्ट पंथाचे पाद्री योकोहामा बंदरी येऊन दाखल झाले. त्यांस श्रोते मिळाले ते मुख्यत्वे सामुराई घराण्यांतील तरुण. 1868 साली शोगुनांची सत्ता गेली, 1876 साली सामुराईंचे वंशपरंपरागत तनखे बंद झाले. हातची तलवार गेली, विद्येची आवड मात्र राहिली. अशा वेळी इंग्रजी शिकविणारा आणि सदाचरणाचा उपदेश करणारा परदेशी गुरु त्या तरुणांस जवळचा वाटला, यात नवल नाही.

या पाद्र्यांपैकी मेरिमन हॅरिस हे तरुणपणी अमेरिकेच्या यादवी युद्धात शिपाईगिरी केलेले गृहस्थ. 1874 साली उत्तरेकडील हाकोदाते बंदरी त्यांनी आपले ठाणे दिले. त्याच होक्काइदो बेटावर साप्पोरो येथे 1876 साली शेतकी विद्यालय निघाले. तेथे आलेले अमेरिकन अध्यापक क्लार्क यांनी पहिल्या वर्गाकडून ख्रिस्ताच्या अनुयायित्वाच्या एका प्रतिज्ञापत्रावर सह्या घेतल्या आणि 1877 साली ते स्वदेशी परतले. मागाहून आलेल्या दुसऱ्या वर्गावर या वरच्या विद्यार्थ्यांनी असा काही तगादा लावला की, उचिमुरा कान्झो नावाचा एक मानी मुलगा गावातील देवळात जाऊन ग्रामदेवतेस साकडे घालू लागला, 'देवा, हे परके मत येथून घालवून दे.' अखेर त्यानेही सही केली. पुढे आपल्या आत्मवृत्तात त्याने मोकळेपणाने लिहून ठेविले आहे की, ती सही मनाविरुद्ध झाली होती. मात्र अनेक देवतांची निरनिराळी प्रार्थना करण्याचे ओझे एका देवाने उतरविले, याचा आनंदही त्याने तितक्याच मोकळेपणाने सांगितला आहे. 1878च्या जून महिन्यात हॅरिस यांनी त्याला व त्याच्या सहाध्यायांस बाप्तिस्मा दिला. त्यांतच पुढे राष्ट्रसंघाचे उपमहासचिव झालेले नितोबे इनाझो हेही होते.

येथवरची गोष्ट वडील मंडळींची काळजी खरी ठरविणारीच आहे. पुढील भाग मात्र निराळा आहे.

ही मुले वसतिगृहातच रविवारची उपासना चालवीत आणि पुरोहिताचे काम पाळीपाळीने करीत. पिठाचे पीप व त्यावर घातलेले कांबळे, एवढेच त्यांचे व्यासपीठ. 1881 साली पदवी घेऊन ती नोकरीस लागली, तेव्हा उपासनेसाठी एक घर घेण्याचे ठरले व मेथॉडिस्ट मिशनने त्यासाठी पैसे दिले. पण अडचण अशी की, कोणी मेथॉडिस्ट पाद्र्याकडून दीक्षा घेतलेला, तर कोणी इंग्लंडच्या चर्चकडून. एका वर्गातील, एका ताटात जेवलेले मित्र केवळ परदेशातील पंथभेदांमुळे दोन देवळांत विभागले जाणार होते. त्यांनी विचार केला की, हे भांडण आपले नव्हे. सर्वांनी मिळून एकच स्वतंत्र मंडळी स्थापण्याचे ठरविले. मिशनने तत्काळ पैसे परत मागितले. नव्या नोकऱ्यांचा तुटपुंजा पगार. त्यातून काटकसर करून, अंगावरचे खर्च तोडून, 1882 साल संपण्यापूर्वी त्यांनी सर्व रक्कम फेडली. साप्पोरोची ती स्वतंत्र मंडळी पुढे टिकून राहिली.

आम्हांस वाटते, त्या मुलांची खरी दीक्षा या कर्जफेडीच्या दिवशी झाली. वाडवडिलांकडून आलेला सामुराईचा बाणा त्यांनी टाकला नव्हता. नव्या श्रद्धेतही तोच त्यांच्या उपयोगी पडला. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला, त्याच्या मुळाशीही हीच ओढ होती.

मिशननेही काही धडा घेतला असे म्हणावे लागते. 1907 साली तीन मेथॉडिस्ट मिशनांच्या मंडळ्या एक होऊन जपान मेथॉडिस्ट चर्च झाले, आणि त्याचे पहिले बिशप होन्दा योइत्सु हे जपानी, सामुराई घराण्यातलेच होते. हॅरिस यांनी कॅलिफोर्नियात जाऊन तेथील जपानी मजुरांत व विद्यार्थ्यांत अनेक वर्षे सेवा केली आणि 1904 साली बिशप होऊन ते परत आले. जपानवरील त्यांचे प्रेम निःसंशय होते. परंतु त्याच प्रेमाने त्यांस इतके बांधले की, कोरियावर बसलेल्या जपानी अंमलाचीही ते तरफदारी करीत राहिले. एका लोकसमूहावर जीव लावावा, पण त्यापायी त्याच्या शेजाऱ्याचे दुःख दिसेनासे होऊ देऊ नये, हा विवेक या सज्जनास साधला नाही.

असो. आपल्या घरचा मुलगा उद्या कोणत्या मताचा होईल हे सांगणे वडिलांच्या हाती नाही. पण घेतलेले ऋण फेडावे, मित्रास अंतर देऊ नये आणि दुसऱ्याच्या पैशावर आपली श्रद्धा पोसू नये, एवढे तरी त्यास घरी शिकविता येते. तेवढे शिकविलेले असले म्हणजे तो दूर गेला तरी अगदी परका होत नाही.