कानांसाठीही एक बाग हवी

राजाबाई टॉवरकडे कधी मान वर करून पाहिले नाही, असा मुंबईकर विरळाच. पण हा मनोरा मुळात पाहण्यासाठी की ऐकण्यासाठी? प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला देणगी देताना मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे, अशी अट घातली. १८७८ साली २८० फुटी मनोरा पुरा झाला. राजाबाईंना दिसत नसे आणि जैन आचाराप्रमाणे त्यांना सूर्यास्तापूर्वी जेवायचे असे. टॉवरच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळे, असे सांगतात. ही आख्यायिका असेलही. पण एका अंध बाईसाठी या शहरात बोलणारी वास्तू उभी राहिली, ही गोष्ट लोकांनी दीडशे वर्षे आवडीने सांगितली आहे. मग आजच्या मुंबईला तिचा विसर का पडावा?

लालबाग-परळला तर आवाज हेच घड्याळ होते. गिरणीचा भोंगा झाला की चाळ जागी होई, चूल पेटे, पाळी बदले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढे एकेक करीत भोंगे मुके झाले. त्यांच्या जागी आले ते हॉर्न, ड्रिलिंग मशीन आणि डीजे. शहर अधिक बोलू लागले, पण त्यातून काही कळेनासे झाले.

डोळसांना हा केवळ त्रास वाटतो. ज्यांचा रस्ता कानांनी ठरतो, त्यांचे काय? दादरची श्रीमती कमला मेहता अंधशाळा १९०० पासून मुलींना शिकवते आहे. वरळीचे ‘हॅपी होम’ १९२५ चे. ‘नॅब’ची स्थापना १९५२ ची. म्हणजे दृष्टिहीनांना शिकवण्याची मोठी परंपरा याच भागात आहे. पण शाळा सुटल्यावर त्या मुलांनी खेळायचे कुठे? आपल्या बागा डोळ्यांसाठी आखलेल्या असतात. कारंजे पाहा, फुले पाहा, आणि हात लावू नका!

पंचेंद्रियांची बाग ही कल्पना नेमकी याच्या उलट आहे. तिथे हात लावायचाच असतो. सुवासिक झाडे, खरखरीत आणि गुळगुळीत दगड, पायाखाली बदलत जाणारी जमीन, आणि वाजणारी शिल्पे. इंग्लंडमध्ये बर्न्ली नावाचे गाव आहे, आपल्या परळसारखेच कापडगिरण्यांचे. गिरण्या गेल्यावर २००६ साली गावाबाहेरच्या टेकडीवर पोलादी नळ्यांचे झाडासारखे एक शिल्प उभारले गेले. वारा आला की ते गाते. क्रोएशियातील झादर शहरात २००५ पासून किनाऱ्याच्या पायऱ्यांखाली ३५ नळ्या आहेत. लाटा त्यांत हवा ढकलतात आणि समुद्र सूर धरतो. आपल्यालाही हे नवे नाही. हंपीच्या विठ्ठल मंदिराचे खांब शतकांपूर्वीपासून नाद देतात.

यावर कोणी म्हणेल, मुंबईत आवाज कमी आहेत म्हणून आणखी हवेत काय? आक्षेप रास्त आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे. शिवाजी पार्क तर २०१० मध्ये शांतता क्षेत्र ठरले. म्हणूनच लाउडस्पीकर नको, वीज नको. ज्याला आपण हाताने वाजवू आणि हात काढला की जे थांबेल, असे शिल्प हवे. हलका आवाज ऐकण्यासाठी माणूस आपोआप गप्प होतो. मुलांना शांततेचा धडा देण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

आणि यात अवघड काही नाही. धातूची नळी दोन्ही टोकांपासून सुमारे २२ टक्के अंतरावर टांगली, तर तिचा सूर मोकळा राहतो. भलतीकडे बांधली की ती नुसती खटकते. सूर एक सप्तक चढवायचा तर नळी निम्मी कापायची नसते; सुमारे ७१ टक्के ठेवली की पुरते. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड गंजेल, त्यापेक्षा ॲल्युमिनियम बरे. उंची मात्र चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचा हात पोचेल एवढीच असावी. खरी अडचण आहे ती देखभालीची. उद्घाटनाची फीत कापायला सगळे येतात, तुटलेली दोरी बदलायला कोण येतो?

जागेचे काय? १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकतृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी मिळणार होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिस्सा फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मोठी बाग हातची गेली. पण वाजणाऱ्या शिल्पाला एकर लागत नाहीत. असलेल्या उद्यानाचा एक शांत कोपरा पुरे. अपंगांना मनोरंजनात बरोबरीचा वाटा मिळावा, यासाठी पावले उचलण्याची जबाबदारी २०१६ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवरही टाकली आहे. तेव्हा ही कोणाची मेहेरबानी नव्हे, देणे आहे.

असा कोपरा आखताना दादरच्या शाळेतल्या मुलींना आधी विचारावे. कोणता सूर गोड, कोणता कर्कश, हे त्या आपल्यापेक्षा चांगले सांगतील. आणि तिथे त्यांच्या शेजारी आपलीही मुले डोळे मिटून उभी राहिली, तर भोंगे गेल्यापासून ऐकायचे विसरलेल्या या शहराला पुन्हा कान फुटतील.