कॉलेजांतील पहिला महिना

श्रीपूर भागांतील शेतकऱ्यांचीं, साखर कारखान्यांतील कामगारांचीं मुलेंमुली बारावी होऊन सोलापुरास, पुण्यास कॉलेजांत जातात. नांव दाखल झालें कीं आईबापांस काम फत्ते झालें असें वाटतें. परंतु खरी कसोटी पुढेंच! इंग्रजी व्याख्यान समजत नाहीं, विचारावें तर गांवच्या बोलीला इतर हंसतात. मग "आपल्याला डोकेंच नाहीं" असें म्हणून पोर पंधरा दिवसांत परतीची एस.टी. धरतें. आम्ही स्पष्ट सांगतों, हा डोक्याचा दोष नव्हे, परकेपणाचा आहे. आणि परकेपणा सोबतीनेंच जातो.

हें मर्म शाहू छत्रपतींनीं ओळखलें होतें. कोल्हापुरांत राजाराम कॉलेज होतें, तरीहि १९०१ सालीं त्यांनीं मराठा बोर्डिंग उभें केलें. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं. शाळेइतकाच सोबतीचा आधार त्यांनीं महत्त्वाचा मानला.

म्हणून गांवचीं जीं मुलें आधीं शहरांत गेलीं आहेत, त्यांस आमचें सांगणें कीं, नव्या पोरांस पहिल्याच आठवड्यांत खोलीवर बोलवा, वह्या दाखवा. पालकांनो, "परत ये" हा शब्द महिनाभर तोंडांतून काढूं नका. आणि विद्यार्थ्यांनो, न समजलेलें मराठींत विचारा. विचारण्यांत लाज कसली? न विचारतां परत येण्यांत नुकसान मात्र साऱ्या गांवाचें आहे.