दर्शनबारी इतकी का लांबते?

आषाढ शुद्ध दशमीस वाखरीच्या तळावर संतांच्या पालख्या एकत्र येतात आणि तेथून वैष्णवांचा मेळा पंढरीत प्रवेशतो. त्यानंतर दर्शनबारी गोपाळपुराच्या दिशेने लांबत जाते. पावसात तासन् तास उभ्या असलेल्या वृद्ध माउलीचे पाय पाहिले की आम्हांस प्रश्न पडतो: एवढा विलंब केवळ गर्दीमुळेच होतो काय?

रांगेचेही एक शास्त्र आहे. कोपनहेगनचे गणिती एरलांग यांनी 1909 मध्ये दूरध्वनीच्या संदर्भात त्याचा पाया घातला. हे शास्त्र सांगते की, विलंब संख्येवर अवलंबून असतो, तसाच येण्याच्या आणि दर्शनाच्या अनियमिततेवरही.

समजा, मिनिटास चाळीस भाविक विठुरायाच्या चरणी माथा टेकू शकतात. म्हणजे तासास 2,400. पाच तासांत दहा हजार भाविक सारख्या अंतराने आले, तर कोणास फारसे थांबावे लागणार नाही. तेच दहा हजार पहिल्या तासातच आले, तर अखेरच्या भाविकास तीन तासांहून अधिक तिष्ठावे लागेल. भाविक तितकेच, गाभाराही तोच. फरक केवळ लोंढ्याचा.

दुसरे कारण गाभाऱ्यातले. कोणी क्षणभर टेकतो, कोणी अर्धा मिनिट रेंगाळतो; मध्येच कोणा प्रतिष्ठितासाठी रांग दहा मिनिटे थोपविली जाते. ती दहा मिनिटे मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या वाट्यास येतात आणि रांग संपेपर्यंत नव्याने येणाऱ्यांसही भोगावी लागतात. रिकामा गेलेला क्षण साठवून ठेवता येत नाही. त्यातच व्यवस्था क्षमतेच्या काठावर चालत असेल, तर अनर्थ वाढतो. केंब्रिजचे गणिती किंगमन यांच्या 1961 च्या सूत्रानुसार, अनियमितता तेवढीच राहून भार क्षमतेच्या 80 टक्क्यांवरून 95 टक्क्यांवर गेला, तर सरासरी प्रतीक्षा जवळजवळ पाचपट होते.

आमच्या पूर्वजांनी हे मर्म अनुभवाने जाणले असावे. यात्राकाळात देवाचा पलंग काढतात, शेजारती थांबते आणि अहोरात्र दर्शन सुरू राहते. भक्तांसाठी देवच निद्रा त्यागतो! नामदेव पायरीचे व कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परतणारा वारकरीही नकळत बारीचा भार हलका करतो. मुखदर्शनाची वेगळी रांगही तेच साधते.

तेव्हा आम्हांस वाटते, नुसते मंडप वाढवून भागणार नाही. वेळ नेमून दिल्यास लोंढा पसरेल. पण मधली घुसखोरी बंद न झाल्यास तो उपायही फोल ठरेल. आपणही चरणांशी पोहोचल्यावर मागच्या माउलीचे स्मरण ठेवावे. विटेवर युगे अठ्ठावीस तिष्ठणाऱ्या देवास प्रतीक्षेचे मोल ठाऊक आहे. ते त्याच्या दारी व्यवस्था पाहणाऱ्यांनी आणि आपण सर्वांनीही ओळखावे, हीच या पर्वावर प्रार्थना.