‘वेताळ’चा जुना अंक हजारोंचा की रद्दीचा? ऑनलाइन किमतीमागचं गणित

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की वर्धा असो, हिंगणघाट, आर्वी की पुलगाव, माळ्यावरून जुन्या पुस्तकांचे गठ्ठे खाली येतात. त्यात हमखास चार-दोन कॉमिक्स निघतात. पूर्वी ते सरळ रद्दीवाल्याकडे जायचे. आता त्याआधी घरातलं कुणीतरी मोबाइल काढतं, सर्च करतं आणि ओरडतं, "अरे, हा अंक तर हजारोंना विकायला आहे!" मग गठ्ठा परत माळ्यावर. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून असे फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर येत राहतात. खाली एकच प्रश्न असतो, "भाऊ, याचे किती येतीन?"

याचं प्रामाणिक उत्तर असं: आपल्याकडे जुन्या मराठी कॉमिक्सला मागणी आहे, पण भाव नाही. भाव म्हणजे किती रुपयांना खरंच विकलं गेलं, याची सगळ्यांना दिसणारी नोंद. ती नसल्यामुळे दोन प्रकारचं नुकसान होतं. काही जण चांगला अंक किलोच्या दरात देऊन टाकतात. काही जण स्क्रीनशॉटमधल्या आकड्याची वाट बघत बसतात आणि तोवर वाळवी आपलं काम उरकते.

विकलं काय जातंय?

सगळ्यात जास्त शोध होतो ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा. टाइम्स ऑफ इंडिया समूहानं मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. पहिला अंक वेताळाचा होता, म्हणजे ली फॉक यांच्या ‘फँटम’चा. पुढे मांड्रेक, फ्लॅश गॉर्डन आले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा अस्सल भारतीय बहादूर आला. १९९० मध्ये मालिका बंद पडली, तोपर्यंत अंकांच्या क्रमांकानं आठशेचा आकडा ओलांडला होता. इंग्रजी, हिंदी आणि मराठीसह अनेक भाषांत हे अंक निघत.

आपल्या जिल्ह्यात मराठी आणि हिंदी दोन्ही वाचलं जातं, त्यामुळे एकाच गठ्ठ्यात दोन्ही भाषांचे अंक सापडतात. फोटो पाठवताना ते वेगळे करा. सोपी खूण म्हणजे हिंदीत ‘वेताल’, मराठीत ‘वेताळ’. एका अक्षराचा फरक आहे, पण गिऱ्हाईक वेगळं. मराठी अंक शोधणारा माणूस हिंदी अंक घेईलच असं नाही.

याशिवाय १९८६ मध्ये नागराजपासून सुरू झालेले राज कॉमिक्स, प्राण यांचे चाचा चौधरी आणि अर्थातच अमर चित्र कथा. इथे एक धडा आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथेची पुस्तकं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापली गेली आणि आजही नवी मिळतात. ‘कृष्ण’चा मूळ क्रमांक ११ होता, नंतरच्या छपाईत तो ५०१ झाला. म्हणजे क्रमांक बघून छपाई जुनी की नंतरची याचा पहिला अंदाज येतो. जुनं दिसतंय म्हणून दुर्मीळ असतं असं नाही. इंद्रजालची गोष्ट वेगळी आहे. मूळ मालिका थांबली, म्हणून मूळ प्रती दरवर्षी कमीच होत जाणार.

किंमत दिसते, भाव दिसत नाही

अमेरिकेतले आकडे तुम्ही बातम्यांत वाचले असतील. सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला त्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलर्सना गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’च्या पहिल्या अंकाची प्रत ९० लाख डॉलर्सच्या वर गेली. हे लिलाव जाहीर झाले, आकडे सगळ्यांना कळले. पुढचा विकणारा आणि घेणारा तिथून बोलणी सुरू करतात. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ असा फिल्टरही आहे. तो लावला की मागितलेल्या किमती बाजूला होतात आणि हल्ली झालेले सौदे दिसतात.

भारतातही ईबे होतं. २०१७ मध्ये फ्लिपकार्टनं ते घेतलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद केलं. तेव्हापासून जुन्या कॉमिक्सचा बराचसा व्यवहार फेसबुक, व्हॉट्सॲप, टेलिग्रामच्या बंद ग्रुपमध्ये आणि इन्स्टाग्रामच्या इनबॉक्समध्ये सरकलाय. तिथे सौदा कसा होतो? फोटो पडतो, खाली कुणीतरी "इनबॉक्स" लिहितं, थोड्या वेळानं पोस्टवर "सोल्ड". किती रुपयांना, ते फक्त दोघांना माहीत.

बाहेर उघड्यावर उरतं काय, तर न विकलेलं! जरा विचार करा: वाजवी किमतीचा अंक पटकन जातो आणि त्याची लिस्टिंग गायब होते. अव्वाच्या सव्वा मागणारी लिस्टिंग मात्र महिनोन्‌महिने तशीच राहते. म्हणून तुम्ही सर्च करता तेव्हा तुमच्यासमोर मुख्यतः फसलेल्या किमती येतात. ज्या किमतीला कुणीच घेतलं नाही, तिचाच स्क्रीनशॉट काढून आपण "भाव इतका आहे" म्हणतो.

आणि कधी कधी किंमत माणसानं लावलेलीच नसते

२०११ ची गंमत ऐका. ॲमेझॉनवर ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ नावाचं माशीवरचं एक शास्त्रीय पुस्तक चक्क २ कोटी ३६ लाख डॉलर्सच्या वर गेलं होतं. नवी प्रत विकणारे दोनच विक्रेते होते आणि दोघांच्याही किमती सॉफ्टवेअर ठरवत होतं. एकाचा नियम होता: दुसऱ्याच्या किमतीच्या ०.९९८३ पट लाव, म्हणजे किंचित स्वस्त. दुसऱ्याचा नियम: पहिल्याच्या सुमारे १.२७ पट लाव. या दुसऱ्याकडे बहुधा पुस्तक नव्हतंच. ऑर्डर आलीच तर पहिल्याकडून घेऊन पुढे पाठवायचं, असा हिशोब असावा.

दोन्ही नियम एकत्र चालले की दर फेरीला किंमत साधारण २७ टक्के वाढते. शंभर रुपयांपासून सुरुवात केली तर तीस फेऱ्यांत सव्वा लाख होतात! कोडमध्ये "इतक्यापेक्षा वर जाऊ नकोस" अशी एक ओळ असती तर हे झालं नसतं. छापणं बंद झालेल्या पुस्तकांत हे जास्त घडू शकतं, कारण विक्रेते मोजके आणि किमतीला लगाम घालणारी नवी प्रत बाजारात नाही. त्यामुळे एखाद्या मोठ्या साइटवर जुन्या अंकाला विचित्र आकडा दिसला, उदाहरणार्थ ४,३८७ रुपये, तर आधी शंका घ्या. माणूस किंमत लावतो तेव्हा ती बहुतेक वेळा साडेतीनशे, पाचशे अशी गोल असते.

प्रत कशी आहे, हे कोण सांगणार?

अमेरिकेत फ्लोरिडातल्या सीजीसीसारख्या कंपन्या अंक तपासून ०.५ ते १० मध्ये गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. त्यामुळे न बघता घेणाऱ्यालाही कळतं की काय मिळणार. मराठी इंद्रजालसाठी हा खर्च परवडणारा नाही, त्यामुळे आपल्याकडे सगळं फोटो आणि शब्दावर चालतं. तर मग शब्द तरी नीट वापरा. "चांगली कंडिशन" याला काही अर्थ नाही. हे लिहा:

– मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ दोन्ही आहेत का, सुटलेत का
– सगळी पानं मोजून पूर्ण आहेत का
– पिना मूळच्या आहेत का, गंजल्यात का
– कोडं सोडवलेलं, कूपन कापलेलं, पेननं नाव लिहिलेलं आहे का
– वाचनालयाचा शिक्का किंवा चिकटपट्टी आहे का

आपल्याकडे भाड्यानं कॉमिक्स देणारी दुकानं पाच-दहा अंक एकत्र शिवून बाइंडिंग करायची. असा गठ्ठा सापडला तर तो उसवू नका. कडा आधीच कापलेल्या असतात, उसवताना पानंही फाटतात. आहे तसाच फोटो काढा आणि "बाइंड केलेले" असं स्पष्ट लिहा.

घेणाऱ्यांसाठी एक युक्ती. जुन्या छपाईत रंग छोट्या ठिपक्यांच्या जाळीतून तयार होत. मुखपृष्ठाचा अगदी जवळून काढलेला फोटो मागा. ठिपक्यांची नियमित जाळी दिसण्याऐवजी गुळगुळीत किंवा विखुरलेले रंग दिसले, तर ते मुखपृष्ठ प्रिंटरवर काढलेलं असू शकतं.

पैसे पाठवण्याआधी

बंद ग्रुपमध्ये सगळ्यात मोठी भानगड अंकाची नसते, ॲडव्हान्सची असते. फोटो दुसऱ्याच्या पोस्टवरून उचललेला, नाव खोटं, पैसे गेले की ब्लॉक. त्यावर उपाय फार तांत्रिक नाहीत. फोटो गूगल लेन्समध्ये टाका, आधी कुठे वापरलाय का ते कळतं. विक्रेत्याला आजची तारीख आणि तुमचं नाव चिठ्ठीवर लिहून अंकाशेजारी ठेवायला सांगा आणि पानं उलटतानाचा छोटा व्हिडिओ मागा. खरा संग्राहक याला चिडत नाही.

विकणाऱ्यांनाही धोका आहे. "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा चोरच समजा. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही, पिनही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला पाठवायची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ बंद झाली, तो एक मार्ग बुजला. क्यूआरचा मात्र अजून उघडा आहे. पैसे पाठवताना स्क्रीनवर येणारं बँकेतलं नाव आणि चॅटमधलं नाव जुळतंय का, ते बघा. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत फिरतात.

टपालाचा खर्च: छोट्या गावाचा खरा प्रश्न

दोनशे रुपयांच्या अंकाला शंभर रुपये पाठवणावळ लागली तर सौदा मोडतो. मोठ्या शहरात दोघं स्टेशनवर भेटून व्यवहार करतात, वर्ध्याच्या विक्रेत्याला टपालाशिवाय पर्याय नाही. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्यानं नोंदणीकृत बुक पोस्ट बंद केली, त्याचा फटका छोट्या प्रकाशकांप्रमाणे या मंडळींनाही बसला. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. ट्रॅकिंगही आहे.

पण अट वाचा. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक छापील साहित्यासाठी आहे. त्यावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं आणि व्यावसायिक जाहिराती नकोत. जुन्या कॉमिक्समध्ये तर गोळ्या-बिस्किटांच्या जाहिराती असायच्या! त्यामुळे पाकीट बंद करण्याआधी काउंटरवर अंक दाखवून विचारा. नाही म्हटलं तर स्पीड पोस्ट आहेच. ऑक्टोबर २०२५ पासून त्यात पाच रुपये अधिक जीएसटी भरून ओटीपीनं डिलिव्हरी घेता येते. "मला मिळालंच नाही" या वादावर इतका स्वस्त इलाज दुसरा नाही. आणि अंक एकेक पाठवू नका, दहाचा गठ्ठा करून पाठवा.

पीडीएफचं काय?

"सगळे इंद्रजाल ९९ रुपयांत" अशा ऑफर टेलिग्रामवर फिरतात. तुमच्याकडची छापील प्रत विकणं कायदेशीर आहे, कारण ती आधीच बाजारात आलेली प्रत आहे. स्कॅन करून त्याच्या प्रती विकणं हा कॉपीराइटचा भंग आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो आणि ली फॉक १९९९ मध्ये गेले. म्हणजे अजून तीन दशकं तरी थांबा.

जपणुकीचा सरळ मार्गही आहे. बालभारतीनं १९७१ पासूनच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक वेबसाइटवर मोफत वाचायला ठेवलेत. हक्क ज्यांचे, त्यांनीच हे केलं. मराठी कॉमिक्सच्या बाबतीत असं होईपर्यंत छापील प्रती सांभाळणं हेच आपल्या हातात आहे.

मग काय करायचं?

१. रद्दीत टाकण्याआधी प्रत्येक अंकाची भाषा, क्रमांक आणि वर्ष एका शीटमध्ये लिहा.
२. किमतीसाठी सर्च न करता दोन-तीन ग्रुपमध्ये महिनाभर नुसतं बघा. "सोल्ड" झालेल्या पोस्टवर विक्रेत्याला विचारा, कितीला गेला? बरेच जण सांगतात.
३. स्वतः विकल्यावर पोस्ट एडिट करून किंमत लिहा. दहा जणांनी हे केलं तरी त्या ग्रुपपुरता भाव तयार होतो.
४. तोवर अंक टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवू नका. आपल्या ४५ अंशांत आणि नंतरच्या पावसाळी दमटपणात वर्तमानपत्री कागद पिवळा पडून कुरकुरीत होतो. कोरड्या कपाटात आडवे ठेवा, लॅमिनेशन आणि सेलोटेप नको.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याला ॲप लागत नाही, पैसे लागत नाहीत. "सोल्ड"च्या पुढे एक आकडा टाकायचा, इतकंच. पुढच्या दिवाळीत आर्वीच्या एखाद्या घरी माळा झाडला जाईल, तेव्हा तो आकडा कुणाच्या तरी सर्चमध्ये दिसला, तर गठ्ठा रद्दीत जाण्याआधी निदान एकदा उघडून तरी बघितला जाईल.